अबू धाबी: बदूंनी वसवलेलं शहर, आणि तिथे जाण्याआधी माहीत हव्यात अशा गोष्टी

नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं, तर समुद्रापलीकडे थेट अरबस्तान आहे. हे नातं विमानांच्या कितीतरी आधीचं. शेजारचं सोपारा हे प्राचीन बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, तर अरब लेखक त्याला 'सुबारा' म्हणत. आज वसई-विरार पट्ट्यातली मंडळी नोकरीसाठी किंवा नातेवाइकांकडे आखातात जातात. मुंबईहून अबू धाबी विमानाने साधारण तीन तासांवर आहे आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. पण काचेच्या इमारतींपलीकडे हे शहर नेमकं कुणाचं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बदू म्हणजे कोण?

उंट पाळणाऱ्या, पाणी आणि चारा शोधत वाळवंटात फिरणाऱ्या अरब टोळ्या म्हणजे बदू. अबू धाबीचा इतिहास 'बनी यास' या टोळीसमूहाशी जोडलेला आहे. त्यांचं मूळ ठिकाण म्हणजे दक्षिणेकडचं लिवा मरुद्यान. दंतकथा अशी, की 1761 च्या सुमारास शिकारी एका हरणाच्या मागावर एका बेटावर पोहोचले आणि तिथे त्यांना गोडं पाणी सापडलं. 'अबू धाबी' या नावाचा अर्थही 'हरणाचा बाप' असाच आहे. त्या पाण्याच्या राखणीसाठी उभारलेला बुरूज पुढे 'कसर अल होस्न' हा किल्ला झाला. 2018 पासून तिथे संग्रहालय आहे.

मोती, मुंबई आणि रुपया

उन्हाळ्यात समुद्रातून मोती काढायचे आणि एरवी खजूर व उंटांवर जगायचं, असं इथलं जीवन होतं. या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. व्यवहारही भारतीय रुपयात चालायचे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपया' काढला. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तो तिथून हद्दपार झाला. आजचा दिरहॅम आला 1973 मध्ये.

1930 च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी हा धंदा बुडवला. 1948 मध्ये ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजर बदू साथीदारांसह इथे पोहोचला, तेव्हा हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव होतं. 1958 मध्ये तेल सापडलं आणि 1962 मध्ये निर्यात सुरू झाली. 1966 मध्ये शेख झायेद सत्तेवर आले. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पहिला पूल झाला 1968 मध्ये. 2 डिसेंबर 1971 रोजी संयुक्त अरब अमिराती हा देश जन्मला.

बदू वारसा कुठे दिसतो?

- अल ऐन: शहरापासून सुमारे दीड तासावरचं मरुद्यान. खजुराच्या बागांना पाणी देणारे 'फलज' नावाचे जुने पाट इथे आजही वाहतात. 2011 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.
- उंटांच्या शर्यती: अल वथबा इथे हिवाळ्यात होतात. उंटांवर लहान मुलं बसवण्यावर 2005 मध्ये कायद्याने बंदी आली, त्यामुळे आता पाठीवर छोटे रोबो असतात.
- ससाणे: बदू ससाण्यांकडून शिकार करत. आता त्यांच्यासाठी शहरात खास रुग्णालय आहे.
- गहवा: वेलदोडा घातलेली ही कॉफी खजुरासोबत, लहानशा कपात देतात. कप उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाली, की तो हलकेच हलवून परत द्यायचा. नाहीतर यजमान ओततच राहतो.

या चुका महागात पडू शकतात

सर्वात महत्त्वाचं म्हणजे खसखस. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीत नातेवाइकांसाठी नेलेले अनारसे किंवा घरगुती मसाला यामुळे सामान तपासणीत अडचण, अगदी अटकही होऊ शकते. फराळ नेताना खसखस नसलेलाच न्यावा.

कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी औषधं नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी घ्यावी आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी. अनोळखी व्यक्तींचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो न विचारता काढू नयेत. शेख झायेद मशिदीत प्रवेश मोफत आहे, पण आधी नोंदणी करावी लागते. अंगभर कपडे आणि स्त्रियांना डोक्यावर ओढणी आवश्यक असते.

'आधी फिरायच्या व्हिसावर या, नोकरी लावून देतो' असं सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहावं. त्या व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, आणि फसवणूक झाली तरी दंड जाणाऱ्यालाच भरावा लागू शकतो. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी भारत सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर एजंट नोंदणीकृत आहे का, हे पैसे देण्याआधीच तपासावं.

फिरण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात, विजेशिवाय इथे पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, हे लक्षात ठेवलं की कसर अल होस्नचा तो जुना बुरूज आजूबाजूच्या टॉवरांपेक्षा मोठा वाटू लागतो.