परक्या धातूवरील बिऱ्हाड

रविवारच्या मिस्साच्या वेळी सारे गुडघे टेकतात, तेव्हा बाकावर बसून राहणारी काही वडीलधारी मंडळी आता प्रत्येक धर्मग्रामात दिसतात. त्यांपैकी कित्येकांच्या गुडघ्यात वा खुब्यात धातू आहे. बहुतेकांचे ठीक चालते. परंतु एखाद्याचा सांधा वर्षा-दोन वर्षांनी ठणकू लागतो. औषधाने बरे वाटते, औषध थांबताच पुन्हा ठणका. मग घरात कुजबुज सुरू होते : डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला, की रोग्याने पथ्य मोडले? या दुखण्याचा इतिहास ज्याने पाहिला, तो दोष देण्याची घाई करणार नाही.

कृत्रिम खुब्याचे आजचे रूप इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे घडले. मुळात हे क्षयरुग्णालय. तेथे जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये पोलादी गोळा व पॉलिथिनची वाटी असलेला सांधा बसविण्यास आरंभ केला. सांधा उत्तम चाले. पण त्यांच्या आरंभीच्या शस्त्रक्रियांत शंभरात सुमारे सात जखमा पिकत. चार्नलींचा संशय हवेवर गेला. माणसाच्या त्वचेचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि त्यांवर स्वार होऊन जंतू जखमेत उतरतात. त्यांनी टेबलाभोवती बंदिस्त कक्ष उभारला, गाळलेली हवा वरून सोडली. पुढे तर शल्यविशारदांचा उच्छ्वासही नळीने बाहेर नेला. प्रतिजैविकांचा आधार न घेता हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. हट्टी माणसाचेच हे काम! १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या चाचणीतही शुद्ध हवेने खोल जंतुसंसर्ग १.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. तरी तो शून्य झाला नाही.

का झाला नाही, याचे अर्धे उत्तर आधीच मिळाले होते. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले. नुसत्या त्वचेत पू होण्यास लक्षावधी जंतू लागले; टाक्याचा दोरा असला, की काही शेकडा पुरले. परक्या वस्तूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिच्याभोवती शरीराचे पहारेकरी दुबळे पडतात.

उरलेले अर्धे उत्तर रुग्णालयात नव्हे, तर डोंगरी ओढ्यात सापडले. कॅनडातील बिल कॉस्टर्टन यांना आढळले, की वाहत्या पाण्यातल्यापेक्षा दगडांवरच्या बुळबुळीत थरात जंतू कितीतरी अधिक असतात. १९७८ साली त्यांनी हा विचार सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला. धातूवरही हेच घडते. जंतू चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण रचतात आणि त्यात बिऱ्हाड थाटतात. या आवरणाला बायोफिल्म म्हणतात. आत कित्येक जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात. वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधे त्यांना फारशी बाधत नाहीत. आपल्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस याच रीतीने उपद्रवी ठरतो. तपासणीत तो दिसला, की पूर्वी नमुना बिघडला असे समजून सोडून देत.

म्हणूनच जुन्या संसर्गात सांधा काढून नवा बसवावा लागतो. रोग्याला हे ऐकणे फार जड जाते. संसर्ग ताजा असेल, तर मात्र सांधा जागेवर ठेवून तो धुऊन काढता येतो. स्वित्झर्लंडमधील, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत अशा रोग्यांना रिफाम्पिसिनची जोड दिली गेली. उपचार पुरा करणारे बाराही जण बरे झाले. ती जोड नसलेल्या बारांपैकी सात. पुढील चाचणीत एवढा फरक दिसला नाही, तरी हे औषध आजही वापरात आहे. क्षयरोग्यांच्या घरी त्याचे नाव अपरिचित नाही.