धक्का कोणी सोसावयाचा?

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांमधील अंतर सुमारे २० किलोमीटरचे. एवढ्या लहानशा टापूत वाहनविद्येचा सारा इतिहास एकत्र नांदताना दिसतो. शिवारातून बैलगाडी येते. तिच्यामागून कमान-पाट्यांवर डुलत मालट्रक येतो. राखीव मार्गिकेतून, २०१८ साली सुरू झालेली, हरणाचे कन्नड नाव धारण करणारी ‘चिगरी’ बस जाते. आणि अलीकडे विजेवर चालणारी मोटार आवाज न करता बाजूने निघून जाते. खड्डा या सर्वांना सारखाच. मात्र त्याचा धक्का प्रत्येक वाहनात निराळे कोणीतरी सोसत असते. वेगाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. सोसण्याची कथा मात्र तितकी सांगितली गेलेली नाही.

आगगाडी येण्यापूर्वी या भागातील कापूस बैलगाड्यांत भरून, घाट उतरून, कुमठ्याच्या बंदराकडे जात असे. त्या गाडीला स्प्रिंग नव्हती. कण्यावर सांगाडा, सांगाड्यावर बोजा. लोखंडी धावेचे चाक दगडावरून आपटले, की तो आघात लाकडातून जुवाकडे आणि जुवातून बैलाच्या मानेकडे जाई. खांदेसूज हा बैलांचा रोग शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे. म्हणजे त्या गाडीचे खरे ‘सस्पेन्शन’ बैलाचा खांदा हेच होते! बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संस्थापक-संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पुढे बैलगाडीच्या सुधारणेचा दीर्घकाळ ध्यास घेतला, तो याच मुक्या जनावराच्या कळवळ्याने.

या बाबतीत एक योगायोग मोठा बोलका आहे. १८८८ साली हवेने भरलेल्या टायरचे पेटंट घेणारे जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट शहरातील पशुवैद्य होते. मुलाच्या तीनचाकी सायकलीची खडखड कमी व्हावी म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरली. तीच युक्ती पुढे टायरगाडीच्या रूपाने आपल्याकडील बैलांच्याही कामी आली.

त्याआधी, १८०४ साली, ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले होते. पोलादी पाटे एकावर एक रचून केलेल्या या कमानींमुळे घोडागाडी हलकी झाली आणि बसणाऱ्याची हाडे थोडी तरी सुखावली. पण स्प्रिंगचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. ती धक्का नाहीसा करीत नाही. ती तो उसना घेते आणि लगेच परत करते. दबलेली स्प्रिंग उसळते, उसळलेली पुन्हा दबते, आणि गाडी झोके खात राहते. कमानीचे पाटे एकमेकांवर घासतात म्हणून तिचे झोके थोडे आवरतात. गुंडाळीच्या स्प्रिंगला तेवढाही आवर नसतो.

झोका थांबविणारी दुसरी वस्तू म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. विहिरीच्या पाण्यात हात सावकाश फिरवला तर तो सहज फिरतो. जोराने फिरवू गेल्यास पाणी अडवते. याच न्यायाने, तेलाने भरलेल्या नळकांड्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या खालीवर होतो, आणि झोक्याची शक्ती तेलाच्या उष्णतेत विरून जाते. हुबळीकरांना हे तत्त्व परके नाही. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना हुबळीत उभा राहिला. त्याच कारखान्यात पुढील काळी आगगाडीच्या डब्यांची देखभाल होत आली. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ नंतर तयार झालेल्या डब्यांच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि त्यांना आवर घालणारी तेलाची भांडी, अशी जोडी असते. प्रवाशाला रात्रभर झोप लागते, ती या तेलकट जोडीच्या कृपेने!

मोटारीच्या बाबतीत या विद्येला शास्त्राचे रूप मिळाले ते विसाव्या शतकात. रोल्स रॉईसमधून अमेरिकेत गेलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० नंतरच्या दशकात गाडीच्या झोक्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढचे चाक खड्ड्यात आधी जाते, मागचे नंतर. दोन्हींचे झोके एकाच लयीचे असले, तर गाडीचे नाक वर जाते तेव्हा शेपूट खाली जाते आणि आतला माणूस होडीत बसल्यासारखा हेलकावतो. मागच्या स्प्रिंगची लय किंचित जलद ठेवली, तर मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट चालते. ही लयही मनमानी नसते. मोटारीचा सांगाडा मिनिटाला साधारण ६० ते ९० वेळा डोलेल अशा बेताने स्प्रिंगा निवडल्या, तर ते डोलणे शरीराला मानवते. कारण चालण्याच्या लयीशी त्याचे नाते जवळचे आहे.

आता विजेच्या मोटारीकडे वळू. ही मोटार नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेली विजेची गाडी मांडली गेली. तिची मोटर पुढच्या चाकांच्या तुंब्यातच बसविलेली होती. कल्पना चतुर, पण त्यामुळे चाक अतिशय जड झाले. हलके चाक खड्ड्यातून वर येऊन चटकन पुन्हा रस्त्याला चिकटते; जड चाक हवेत रेंगाळते. आणि चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही, वळणही घेता येत नाही. सुख आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी वाटतात. वस्तुतः दोहोंचे मूळ चाक आणि रस्ता यांच्या या सहवासात आहे. म्हणूनच आजच्या बहुतेक विजेच्या मोटारींत मोटर चाकात नसून सांगाड्यावर असते.

आपल्याकडे २००१ साली बंगळूरची ‘रेवा’ रस्त्यावर आली. तिच्या पुढच्या आसनांखाली शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या. २०२० साली पुण्याजवळच्या रांजणगावी तयार होणारी ‘नेक्सॉन’ विजेवर धावू लागली, तेव्हा बॅटरी लिथियमची झाली आणि जमिनीच्या पातळीवर पसरली. अशा गाडीत बॅटरीचेच वजन काही शे किलो भरते. हे वजन तळाशी असल्यामुळे गाडी वळणावर कमी कलते, हा मोठा लाभ. परंतु बोजा तो बोजाच. वजन पाचव्या हिश्श्याने वाढले आणि डोलण्याची लय तीच राखावयाची असली, तर स्प्रिंगही पाचव्या हिश्श्याने कडक करावी लागते आणि शॉक ॲब्सॉर्बरचा आवरही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. जुन्याच स्प्रिंगा ठेवल्या तर गाडी खाली बसते, आणि गतिरोधकावर रबरी अडसर आपटून सारा धक्का थेट आत येतो. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्याने पूर्वी झाकून जाणारी प्रत्येक कुरकुर आता कानांवर येते.

अशा गाडीचा मालक गॅरेजात जातो, तेव्हा त्याच्यापुढे नाना उपाय मांडले जातात. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा ठोकळा बसविणे हा त्यांतील स्वस्त उपाय. त्याने गाडी उंच होते खरी. परंतु काही वेढे निकामी होऊन स्प्रिंग कडक बनते, आणि जुना शॉक ॲब्सॉर्बर तिला आवरू शकत नाही. मोठे चाक आणि पातळ टायर लावल्याने ऐट वाढते. पण डनलॉपने दिलेली हवेची गादीच त्यामुळे पातळ होते. जाणता मिस्त्री आधी टायरमधील हवा पाहतो, टायर त्या वजनाला साजेसे आहेत की नाहीत ते तपासतो, झिजलेले रबरी बुश बदलतो, चाकांचे अलाइनमेंट करतो. त्यानंतरच स्प्रिंगेला हात घालतो, आणि तो घातलाच तर शॉक ॲब्सॉर्बरसह, त्याच गाडीच्या वजनाला जुळणारी जोडी निवडून. सुधारणा म्हणजे कडकपणा नव्हे. सुधारणा म्हणजे मेळ.

धारवाडमध्ये बसगाड्यांची शरीरे बांधण्याचा मोठा कारखाना आहे. शहरांतून धावणाऱ्या विजेच्या नव्या बसगाड्यांना आता पोलादी पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन असते. उतारू वाढले की फुग्यातील हवा वाढते, उतरले की कमी होते. बस भरलेली असो वा रिकामी, तिची उंची व लय राखली जाते. हे केवळ श्रीमंतांच्या मोटारीचे लाड नव्हेत. मागच्या बाकावर बसलेला वृद्ध, शाळेला निघालेले मूल, हुबळीच्या सरकारी रुग्णालयाकडे आडगावातून आणली जाणारी अवघडलेली स्त्री, यांच्या दृष्टीने चांगली स्प्रिंग ही चैन नसून दिलासा आहे.

धक्का काही नाहीसा होत नाही. तो बैलाने सोसला, मग पोलादाने सोसला, मग तेलाने आणि हवेने. सोसणारा जिवंत प्राणी नसावा, एवढ्यासाठी माणसाने ही दोनशे वर्षांची खटपट केली. मात्र या मालिकेतील पहिली आणि सर्वांत स्वस्त स्प्रिंग कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ती म्हणजे सपाट, नीट राखलेला रस्ता. तो ज्यांच्या हाती आहे, त्यांनी एकदा तरी बैलगाडीच्या साटीवर बसून हुबळीहून धारवाडला जावे. मग हा इतिहास त्यांना निराळा सांगावा लागणार नाही.