जेम्सटाउन : वखारीच्या अपेक्षेतून उभी राहिलेली वसाहत

उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेली इंग्रजांची पहिली वसाहत म्हणजे जेम्सटाउन होय. मात्र १६०७ च्या मे महिन्यात व्हर्जिनियात उतरलेल्या सुमारे शंभर पुरुषांना व मुलग्यांना तेथे धाडणारी व्हर्जिनिया कंपनी नफ्यासाठी स्थापन झाली होती आणि पहिल्या जेम्स राजाने १६०६ मध्ये दिलेल्या सनदेच्या आधारे, भागधारकांच्या भांडवलावर तिचा कारभार चाले. १६०९ पासून दहा वर्षे हा कारभार पाहणारे सर टॉमस स्माइथ हे ईस्ट इंडिया कंपनीचेही पहिले गव्हर्नर होते. लंडनच्या ज्या व्यापारी वर्तुळाने सुरतेस वखार घातली त्याच वर्तुळाचा पैसा जेम्सटाउनमध्ये गुंतला होता, आणि तरीही दोन्ही ठिकाणचे परिणाम इतके वेगळे का झाले, हा प्रश्न शालेय इतिहासात क्वचितच विचारला जातो.

भागधारकांची अपेक्षा सोने सापडेल, पॅसिफिक महासागराकडे जाणारा जलमार्ग मिळेल किंवा निदान काचेसारखा विकाऊ माल तयार होईल अशी होती. स्पॅनिश जहाजांपासून बचाव व्हावा म्हणून नदीकाठची जी जागा निवडली गेली ती दलदलीची निघाली, उन्हाळ्यात तेथील पाणी मचूळ होई, आणि जुन्या वृक्षांच्या खोडांतील वार्षिक वलयांच्या अभ्यासावरून असे दिसते की ती वर्षे त्या प्रदेशातील तीव्र अवर्षणाची होती. वसाहतवाले धान्यासाठी पाउहाटन या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या सरदाराच्या अधिपत्याखालील सुमारे तीस जमातींच्या मक्यावर अवलंबून राहिले, आणि तुटवड्याच्या काळात ही देवघेव बळजबरीवर आली तेव्हा संबंध बिघडले. १६०९-१० च्या हिवाळ्यात काही शेकड्यांपैकी जेमतेम साठ माणसे जिवंत राहिली. २०१२ मधील उत्खननात सापडलेल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीच्या कवटीवरील घावांनी नरमांसभक्षणाच्या तत्कालीन नोंदींना दुजोरा दिला.

या उपासमारीऐवजी विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते ती पाउहाटनची मुलगी पोकाहॉन्टस हिने वसाहतीचा एक नेता जॉन स्मिथ याचे प्राण वाचवल्याची कथा. स्मिथच्या १६०८ च्या वृत्तान्तात या सुटकेचा उल्लेख नाही आणि १६२४ च्या ग्रंथात ही कथा सविस्तर येते. साधनांची चिकित्सा शिकवण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

वसाहत तगली ती तंबाखूमुळे. स्थानिक तंबाखू कडवट असल्याने जॉन रॉल्फ याने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश अमेरिकेतील गोडसर वाणाची लागवड केली आणि थोड्याच वर्षांत लंडनच्या बाजारात त्याला मागणी आली. पण हे पीक तीन-चार हंगामांत जमिनीचा कस काढून घेई, त्यामुळे मळेवाल्याला सतत नवी जमीन आणि ती साफ करण्यास नवे हात लागत. कंपनीने १६१८ मध्ये, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा प्रवासखर्च सोसणाऱ्याला माणशी पन्नास एकर देण्याची पद्धत घातली. ज्यांचा खर्च दुसऱ्याने केला ते करारबद्ध मजूर, म्हणजे प्रवासभाड्याच्या बदल्यात ठरावीक वर्षे राबण्यास बांधलेले लोक, ठरले. १६१९ च्या जुलैत वसाहतीच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि पुढच्याच महिन्यात पोर्तुगीज गुलामजहाजावरून लुटून आणलेले वीसेक आफ्रिकी लोक धान्याच्या मोबदल्यात येथे विकले गेले. पाठ्यपुस्तके यांतील पहिल्या घटनेला लोकशाहीचा आरंभ म्हणून दीर्घकाळ मोठे स्थान देत आली. दोन्ही घटना एकाच तंबाखूच्या अर्थव्यवस्थेत घडल्या, हे मात्र त्यांच्या मांडणीतून निसटत गेले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. सुरतेत इंग्रजांना माल विकत घ्यायचा होता, तो पिकवणारे व विणणारे लोक तेथे होतेच, आणि मोगल अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून वखारीला पाऊल टाकता येत नव्हते. व्हर्जिनियात माल जमिनीतूनच काढायचा असल्याने जमिनीवर राहणारे लोक अडथळा ठरले. १६२२ च्या मार्चमध्ये ओपेचंकनाउ या सरदाराच्या नेतृत्वाखाली झालेल्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले, दोन वर्षांनी कंपनीची सनद रद्द होऊन वसाहत राजाकडे गेली, तरी मळ्यांची वाढ थांबली नाही. १६४४ च्या दुसऱ्या उठावानंतर झालेल्या १६४६ च्या तहाने, ज्यांच्या मक्यावर वसाहत एकेकाळी जगली होती त्या जमातींवर दरसाल वीस बीव्हर कातड्यांची खंडणी बसवली आणि जेम्स व यॉर्क नद्यांमधील इंग्रज मुलखात विशिष्ट पट्ट्यांचा अंगरखा घातलेल्या दूताखेरीज त्यांच्यातील कोणी शिरल्यास मृत्युदंड ठरवला.