आवाज आला की बटण दाबा

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. पहाट फुटते आहे. तुम्ही रायगडाच्या पश्चिम अंगाला, हिरकणी बुरुजावर उभे आहात. खाली धुक्यात पाचाड आहे. गडावरची थंड हवा सोसेना म्हणून शिवाजी महाराजांनी आई जिजाऊसाहेबांसाठी वाडा बांधला तो तिथेच. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन पाचाडातच मुक्काम करून वर आला आहे आणि एवढ्या उंचीवर हत्ती आणले तरी कसे, याचं त्याला नवल वाटतं आहे.

गोलंदाजाने तुम्हाला तोफेपासून जरा बाजूला उभं केलंय. त्याच्या स्वतःच्या कानात मात्र काहीच नाही. राजसभेत राज्याभिषेक झाल्याचा इशारा येतो आणि बत्ती दिली जाते.

आवाज आधी छातीवर आदळतो, मग कानावर. तुमच्या मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचं एक हाड आहे, शरीरातलं सगळ्यात लहान. त्याला धरून असलेला इवलासा स्नायू मोठा आवाज आला की आखडतो आणि हाडाची हालचाल रोखतो. कानाची ही राखण निसर्गानेच केली आहे. पण पुरता आखडायला त्याला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो आणि तोफ त्याआधीच उडून गेलेली असते. सगळा धक्का शंखाकृती आतल्या कानात शिरतो. तिथे केसांसारखी टोकं असलेल्या पेशी आहेत, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. त्या जन्माआधीच मिळतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात. मारा सोसावा लागतो तो मुख्यतः त्यांनाच.

दुसरी तोफ, तिसरी तोफ. गडोगडी तोफा होतात. तुमच्या कानांना दडे बसतात आणि मागे एक शिट्टी उरते, बाहेर कुणीच न वाजवलेली.

दुपारी गर्दी पांगल्यावर तुम्ही राजसभेत येता. सभा सुमारे २२० फूट लांब. नगारखान्याच्या दारात हळू बोललेलं पार सिंहासनापाशी ऐकू येतं, ही या जागेची किमया आजही गडावर येणाऱ्यांना दाखवली जाते. आता तिकडून कोणीतरी बोलतं. आवाज तुमच्यापर्यंत येतो, शब्द येत नाही. तो ‘साप’ म्हणाला, ‘ताप’ म्हणाला की ‘काप’? त्यातला ‘आ’ जाडजूड असतो, तो पोचतो. स, त, क ही व्यंजनं नाजूक आणि तीक्ष्ण, ती वाटेत गळतात. या बिघाडाची लबाडी हीच, की माणूस बहिरा झाला आहे असं कुणालाच वाटत नाही. त्याला स्वतःला तर नाहीच. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढंच त्याला वाटतं.

शिट्टी दोन-तीन दिवसांत विरते, दडे सुटतात. तुमचा एकच दिवस तोफेजवळ गेला म्हणून. गोलंदाजाची सगळी उमर बुरुजावर गेली आहे. तो मोठ्याने बोलतो आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत राहतो. वैद्याकडे त्याच्या दुखण्याला नाव आहे. कर्णनाद आणि बाधिर्य दोन्ही सुश्रुतसंहितेतल्या २८ कर्णरोगांत मोजलेली आहेत. कानात कोमट तेल घालण्याचा उपचारही आहे. माप मात्र नाही. किती ऐकू येतं, कोणता आवाज येतो, कोणता नाही, हे सांगायचं साधन त्या काळी जगात कुठेच नाही.

अकराव्या दिवशी, १७ जूनला, पाचाडचा वाडा एकाएकी शांत होतो. कुणीही आवाज चढवत नाही. माणसं एकमेकांच्या कानाशी लागून काही सांगतात, डोळे पुसतात. गोलंदाज तुमच्या शेजारीच आहे. त्याला एक अक्षर कळत नाही, आणि विचारायची ही वेळ नाही. समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून तो ओळखतो, की जिजाऊसाहेब गेल्या.

काळातली पुढची उडी लहान आहे. मे १८१८. वाराणसीबाई, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी, गडावर आहेत आणि कर्नल प्रॉथरच्या तोफा गडावर फुटते गोळे टाकत आहेत. वरच्या इमारतींना आग लागते. १० मे रोजी रायगड इंग्रजांच्या हाती जातो. वेढ्याचे ते दिवस तुम्ही पायथ्याशी काढता आणि शिट्टी परत येते, या वेळी जास्त दिवस राहते. तोफा डागणाऱ्यांच्या बाजूचेही कित्येक कान त्या दिवसांत गेले असणार. त्यांची नोंद कुठल्या कागदात येते?

तिसऱ्या उडीत तुम्ही आजच्या पाचाडात येता. वय पन्नाशीच्या पुढे. बरीच वर्षं महाडच्या एमआयडीसीत कंप्रेसरजवळ गेली. दर ६ जूनला गडावर ढोल-ताशे आणि तुतारी, आणि तुम्ही पथकाच्या अगदी पुढ्यात. घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज कुरबुर. हॉटेलात चार जण एकदम बोलायला लागले की तुम्ही नुसती मान हलवता. शेवटी सूनबाई हट्टाला पेटते आणि तुम्हाला मुंबईला घेऊन जाते, वांद्रे रेक्लमेशनला. वाणी आणि श्रवणाच्या व्यंगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून तिथे आहे. तपासणीआधी रात्रभर तरी कान शांततेत हवेत, नाहीतर तात्पुरते बसलेले दडेही मापात येतात. म्हणून आदल्या दिवशी कारखान्यात जायचं नाही आणि एसटीत इंजिनापासून लांब बसायचं.

सुरुवात प्रश्नांनी होते. कधीपासून? एका कानाला की दोन्ही? कानात आवाज होतो का? चक्कर, पाणी, पू? साखर आहे? कधी टीबीची सुई, स्ट्रेप्टोमायसिन, घेतली होती? हा प्रश्न ऐकून बरेच जण चमकतात. पण ते औषध आतल्या कानाच्या पेशी मारू शकतं, म्हणून आठवेल तेवढं सगळं सांगायचं. सूनबाई मध्येच बोलते, ‘बाबा, टीव्हीचं सांगा ना.’ सांगू द्या तिला. तुम्हाला काय ऐकू येत नाही, हे तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त ठाऊक असतं.

मग दुर्बिणीने कानात पाहतात. मळ असेल तर आधी तो काढतात. काडी, पिन, गाडीची किल्ली यांनी घरी कोरत बसू नका. तशाने मळ आत ढकलला जातो आणि पडद्याला इजा होते.

त्यानंतर एक साधा चिमटा, ट्यूनिंग फोर्क. १७११ मध्ये जॉन शोअर या इंग्रज वादकाने तो वाद्यं सुरात लावायला बनवला. शतकभराने जर्मनीतल्या वेबरने आणि १८५५ मध्ये रिनेने त्यातून कानाची परीक्षा काढली. वाजता चिमटा कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानाच्या तोंडाशी धरतात. कुठे मोठा वाटतो? हाडावर मोठा वाटला तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असावी. तुम्हाला कानाशीच मोठा वाटतो. म्हणजे वाट मोकळी आहे, बिघाड आत आहे.

आता ती खोली. भिंतींना मऊ अस्तर, जाड दार. दार लागलं की आपलाच श्वास ऐकू येतो आणि बऱ्याच जणांना कानातली शिट्टी तिथेच पहिल्यांदा नीट जाणवते. घाबरू नका, मात्र ती जाणवल्याचं सांगा. उजव्या कानावर लाल हेडफोन, डाव्यावर निळा. काचेपलीकडून ऑडिओलॉजिस्ट ताई सांगतात, ‘काका, आवाज अगदी बारीक आला, आल्यासारखा वाटला, तरी बटण दाबायचं.’

सुरुवात साधारण १००० हर्ट्‌झच्या सुराने, चांगल्या कानात. तुम्ही बटण दाबलं की आवाज १० डेसिबलने उतरतो, नाही दाबलं की ५ ने चढतो. अशी चढउतार करत करत, जो आवाज निम्म्या वेळा तरी तुम्हाला सापडतो त्या पातळीवर खूण होते. मग दुसरा सूर. २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत दोन्ही कानांचे.

इथे माणसं परीक्षेला बसल्यासारखी वागतात. ताईंच्या हाताकडे बघून अंदाजाने दाबतात, आवाज न येताच दाबतात. मला याचं फार वाईट वाटतं. आयुष्यभर मान हलवून वेळ मारून नेलेली असते आणि जिथे खरं सांगायचं तिथेही तीच सवय आड येते. या खोलीत पास-नापास काही नाही. ऐकू आलं नाही म्हणून शांत बसणं हेही उत्तरच आहे, आणि ताई त्याचीही खूण करतात.

मग कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन देणारं यंत्र बसवतात. सूर कवटीतूनच आत जातो, पडद्याला वळसा घालून. चिमट्याने जे ढोबळ कळलं त्याचं आता आकड्यांत माप मिळतं. मधूनच एका कानात वाऱ्यासारखा सूंऽऽ आवाज सोडतात. तो त्या कानाने दुसऱ्याला मदत करू नये म्हणून असतो, त्याच्यासाठी बटण दाबायचं नसतं.

पुढची पायरी शब्दांची, आणि ती आपल्या भाषेत होणं फार महत्त्वाचं आहे. रोजच्या वापरातले मराठी शब्द ऐकवतात, आधी कमी कमी आवाजात, मग सोयीच्या आवाजात, आणि तुम्ही तेच परत म्हणायचे. तुम्ही ‘पाणी’ बरोबर म्हणता. ‘सात’ला ‘हात’ म्हणता. आवाज पुरेसा मोठा असूनही. राजसभेत हरवलेलं व्यंजन ते हेच. दवाखान्यात येणारी माणसं ज्या शब्दांत सांगतात, ‘आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही’, त्याची आता टक्केवारी निघते.

नंतर कानात मऊ रबरी बुच बसवून हवेचा दाब कमीजास्त करतात. आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरताना होतं तसं वाटतं. त्या दाबाने पडदा किती हलतो याचा आलेख निघतो. ए म्हणजे नीट. बी म्हणजे बहुधा पडद्यामागे पाणी किंवा पडद्याला भोक. सी म्हणजे आतला दाब कमी. त्याच बुचातून मोठे आवाज सोडून रिकिबीचा स्नायू आखडतो का तेही पाहतात. हिरकणी बुरुजावर ज्याला उशीर झाला तोच हा स्नायू. इथे तुम्हाला काही करायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचं नाही.

गरज पडली तर आणखी दोन चाचण्या होतात. निरोगी आतला कान आवाजाला उत्तर म्हणून स्वतः एक क्षीण ध्वनी परत पाठवतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो दाखवून दिला. आता नवजात बाळाचा कान झोपेतच तपासता येतो तो त्यामुळे. दुसरी बेरा. डोक्याला तारा चिकटवून कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश मोजतात. पाचाडातल्या एखाद्या घरी बाळ हाकेला वळत नसेल तर ‘बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिरा बोलला’ असं म्हणत वर्ष घालवू नका. मेंदू भाषा शिकतो ती मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि तो काळ परत मिळत नाही.

सगळं मिळून तासभर. कागद हातात येतो. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. वरून खाली डेसिबल, डावीकडून उजवीकडे हर्ट्‌झ. २५ डेसिबलच्या आत असेल तर नीट. तुमची रेघ डावीकडे तिथेच आहे, २००० नंतर ढासळते, ४००० ला खड्डा पडतो आणि ८००० ला थोडी वर येते. मोठ्या आवाजाने कान गेल्याची ही ठरलेली खूण. वयाने गेलेला कान उजवीकडे उतरतच जातो. असा खड्डा तोफ, कंप्रेसर आणि ताशा यांनी पडतो. पाचाडच्या पावसाळ्यात रातकिडे साधारण याच पट्टीत किरकिरतात. ते ऐकू येईनासे झाल्याला किती वर्षं झाली, तुम्हाला सांगता येत नाही.

ताई दोन गोष्टी सांगतात. या खड्ड्यावर गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, कानाला लावायचं मशीन आहे. आणि हा कागद कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवायचा. आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्याने सरकारला कळवावा लागणारा रोग आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. बुरुजावरच्या गोलंदाजाला यातलं काहीही मिळालं नाही. तुम्हाला मिळू शकतं, म्हणून लाजून कागद ट्रंकेत ठेवू नका.

मशीन घेण्याआधी ते लावून बघायला देतात. पहिल्यांदा पंखा, चपलांचा आवाज, कागदाची सळसळ अंगावर आल्यासारखी वाटते आणि ते काढून ठेवावंसं वाटतं. मेंदूला हे आवाज नव्याने ओळखायला काही आठवडे लागतात. रोज घालायचं, आधी घरात, मग चौकात, मग लग्नात. पुढच्या खेपेला येताना, ताई म्हणतात, घरात ज्यांचं बोलणं तुम्हाला सगळ्यात कमी कळतं त्यांनाच बरोबर आणा. मशीन त्यांच्या आवाजावर लावून बघू. तुम्ही सूनबाईकडे बघता. ती म्हणते, ‘आईंना आणू.’