आयसीयूत रोज सीबीसी कशासाठी? रक्तपेशी आणि सेप्सिसची पहिली चाहूल

‘डॉक्टर, पेशी किती झाल्या?’ पावसाळ्यात घोडपदेवच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो. विचारणाऱ्याच्या मनात असतात त्या फक्त प्लेटलेट्स. डेंग्यूने आपल्याला तेवढ्याच मोजायला शिकवलं आहे! पण रुग्ण केईएम, जे.जे. किंवा कस्तुरबात आयसीयूत असेल, तर त्याच रिपोर्टमध्ये डॉक्टर सेप्सिसची सुरुवातही शोधत असतात.

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद. त्यात आपलेच अवयव निकामी होऊ लागतात. ब्लड कल्चरचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात, सीबीसी मात्र तासा-दोन तासांत मिळतो.

पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्या १२,००० च्या वर गेल्या तर संशय येतो, आणि ४,००० च्या खाली आल्या तरीही. घसरलेला आकडा पाहून नातेवाईक कधीकधी ‘इन्फेक्शन उतरलं’ म्हणून खूश होतात, पण गंभीर रुग्णात तो अनेकदा जास्त काळजीचा असतो. एकूण आकडा नॉर्मल असूनही अपक्व न्यूट्रोफिल १० टक्क्यांहून अधिक दिसले, तरी सावध व्हावं लागतं. उलट स्टिरॉइड किंवा ऑपरेशनमुळेही पेशी वाढतात. म्हणून एकट्या सीबीसीवर निदान होत नाही. रक्तदाब, श्वासाची गती, लघवीचं प्रमाण, शुद्ध आणि लॅक्टेट हे सोबत पाहतात.

प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली गेल्या की अवयवांवरील परिणाम मोजणाऱ्या ‘सोफा’ गुणांकात त्याची नोंद होते. मी मात्र घसरणीकडे आधी बघतो. काल तीन लाख, आज एक लाख साठ हजार: दुसरा आकडा ‘नॉर्मल’ छापलेला असला तरी मला तो नॉर्मल वाटत नाही.

आपल्या भागात लेप्टोचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. लेप्टोतही प्लेटलेट्स पडतात, त्यामुळे तो डेंग्यूसारखा वाटतो. पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात, लेप्टोत न्यूट्रोफिल बहुधा वाढतात. हा फरक महत्त्वाचा, कारण लेप्टोला अँटिबायोटिक लागतं आणि ते लवकर लागतं. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि रिपोर्ट दाखवायला आणताना शेवटचा एकच नको, तारखेनुसार लावलेले सगळे आणा.