विद्युत् शक्तिव्यय मापनाचा इतिहास
साध्या विद्युत् मंडलातील विद्युत् दाब (व्होल्ट) व प्रवाह (अँपिअर) यांचा गुणाकार म्हणजे त्यात खर्च होणारी शक्ती (वॉट) होय. शक्तीला कालावधीने गुणले असता ऊर्जा मिळते. वीज विकली जाते ती ऊर्जेच्या मापाने. त्यामुळे हा गुणाकार अचूक व न्याय्य रीतीने कसा मोजावा, या व्यावहारिक प्रश्नातून या विषयाचा विकास झाला.

गेओर्ख झिमोन ओम यांनी १८२७ मध्ये दाब, प्रवाह व रोध यांचा परस्परसंबंध प्रसिद्ध केला. जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगाने असे दाखविले की, संवाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला वॉट हे नाव सुचविले व १८८९ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ते स्वीकारले गेले.

उदा., ४६ ओहम रोधाच्या शेगडीला २३० व्होल्ट दाब दिल्यास ५ अँपिअर प्रवाह वाहतो व १,१५० वॉट शक्ती खर्च होते. दोन तासांत २·३ किलोवॉट-तास, म्हणजे व्यवहारातील २·३ युनिटे, वीज लागते.

टॉमस एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे वीजपुरवठा सुरू केला. त्यांच्या रासायनिक मापकात प्रवाहाचा ठराविक अंश झिंक सल्फेटाच्या विद्रावातून जाई व जस्ताच्या पट्ट्यांच्या वजनातील फरकावरून वापर ठरविला जाई. हे वजन कंपनीच करीत असल्याने ग्राहकाला पडताळा घेता येत नसे. शिवाय हा मापक केवळ अँपिअर-तास मोजी व दाब स्थिर आहे असे गृहीत धरले जाई. वरील उदाहरणात दाब २०७ व्होल्टपर्यंत उतरल्यास प्रवाह ४·५ अँपिअर होतो. दोन तासांत प्रत्यक्ष वापर सु. १·८६ युनिटे असताना अशा मापकानुसार मात्र २·०७ युनिटांची आकारणी होईल. दाब उतरल्याचा तोटा अशा प्रकारे ग्राहकावरच पडतो.

एलिह्यू टॉमसन यांनी १८८९ मध्ये दाब व प्रवाह या दोहोंवर चालणारा मापक तयार केला. प्रत्यावर्ती प्रवाहात दाब व प्रवाह यांच्यात कलांतर असू शकते. त्यामुळे त्यांच्या साध्या गुणाकाराला शक्तिगुणकानेही गुणावे लागते. बूडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील ओटो ब्लाथी यांच्या प्रवर्तन मापकाने (१८८९) ही अडचण दूर केली. त्यातील फिरत्या तबकडीचा वेग खऱ्या शक्तीच्या प्रमाणात असल्याने आकडे ग्राहकालाही वाचता येऊ लागले. अलीकडील इलेक्ट्रॉनीय मापक दाब व प्रवाह यांची क्षणोक्षणीची मूल्ये घेऊन तोच गुणाकार करतात.