मांडवाची आग आणि नाऱ्याचे बोल

‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण मराठी घरांत अजून चालते. तिच्यात हसे होते ते नाऱ्याचे. चारचौघांत काय बोलावे आणि कधी बोलावे हे न कळणारा माणूस म्हणून तो ओळखला जातो. मांडवाला आग खरोखर लागली होती का, आणि लागली असल्यास त्याने दुसरे काय म्हणायला हवे होते, हे मात्र म्हण कधी विचारत नाही. मराठवाड्यातल्या, विशेषतः जालना जिल्ह्यातल्या पाण्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

टंचाईच्या इशाऱ्यांचा विचार आपण बहुधा सरकार, आयोग आणि तज्ज्ञ यांच्या संदर्भात करतो. पण इशाऱ्याची पहिली परीक्षा घरात होते. ती तिथे कशी होते, हे आपल्या महाकाव्यांना चांगले ठाऊक होते. धृतराष्ट्राला सावध करणारा विदुर त्याचा भाऊच होता आणि रावणाला सावध करणारा बिभीषणही भाऊच. विदुराचे ऐकून घेतले गेले, पण तसे वागले कोणी नाही. बिभीषणाला घर सोडावे लागले आणि ‘घरभेदी’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. घरातल्या माणसाने घरावरचे संकट सांगितले की त्याच्या बोलण्याआधी त्याच्या निष्ठेची चौकशी होते, ही रीत इतकी जुनी आहे.

जालन्याची जमीन हा इशारा समजून घ्यायला अवघड आहे. खाली काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे थर आहेत. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गंगेच्या मैदानासारखी वाळूची अखंड कोठी इथे नाही. एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे कोरडा फुफाटा उडतो. त्यामुळे भूजल ही सर्वांची मिळून असलेली वस्तू आहे, हे अनुभवाला पटत नाही. ज्याला लागले त्याचे नशीब, ज्याला नाही लागले त्याचेही नशीब. नशिबाच्या हिशेबात इशाऱ्याला जागा नसते.

तरीही मोटेच्या काळात एक मर्यादा आपोआप पाळली जाई. बैल जितके ओढतील तितकेच पाणी वर येई, आणि विहिरीने तळ गाठला की तो धावेवर उभ्या असलेल्या माणसाला दिसे. एका विहिरीत चार भावांचे हिस्से असत, पाळ्या ठरलेल्या असत, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात त्यांची नोंद होई. पाणी कमी झाले ही बातमी कोणी सांगावी लागत नसे, ती सर्वांना एकदमच कळे. भांडणे तेव्हाही होत, पण ती वाटणीवरून होत. पाणी आहे की नाही, यावरून होत नसत.

१९७२ साल हे या इतिहासातले वळण आहे. त्या वर्षी ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पृथ्वीवरच्या साधनांना अंत आहे, या विधानावर जगभर वाद पेटला. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मे १९७३ पर्यंत दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही १९७२ मध्येच स्थापन झाली. तिच्या निरीक्षण विहिरी पुढे राज्यभर ठरवल्या गेल्या आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजली जाऊ लागली. इशारा देण्याची सरकारी व्यवस्था अशी उभी राहिली. ज्या शेतातली विहीर मोजली जाते, त्या शेतकऱ्यापर्यंत तो आकडा पोहोचवण्याची व्यवस्था मात्र तेवढ्या नेटाने उभी राहिली नाही.

याच सुमारास जालन्याने जगाला एक वस्तू दिली, आणि ती जालनेकरांनाही फारशी ठाऊक नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या ख्रिस्ती मिशनने हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी कठीण खडकात विंधन विहिरी घ्यायला सुरुवात केली. भोके पडली, पण त्यांवर बसवायचे बिडाचे हातपंप टिकेनात. ते युरोप-अमेरिकेतल्या पंपांच्या धर्तीवर घडवलेले होते आणि तिकडे असा एक पंप एका कुटुंबापुरता असे. इथे त्यावर सबंध गाव तुटून पडे. तेव्हा पोलादाचा, एकाच सांध्यावर फिरणारा दणकट पंप तयार झाला. तो ‘जालना पंप’. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या. मग युनिसेफच्या पुढाकाराने आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याच्या साथीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप आकाराला आला. आशिया आणि आफ्रिकेतल्या असंख्य गावांत तोच पोहोचला. एका घरासाठी केलेली वस्तू गावाच्या वापराला पुरत नाही, हा धडा जालन्यातल्या कारागिरांनी पोलादात उतरवला. पाण्याच्या बाबतीत तोच धडा शिकायला जिल्ह्याला फार वेळ लागला.

कारण खडकाला भोक पाडण्याची विद्या पिण्याच्या पाण्यापुरती राहिली नाही. वीज आली, पाणबुडी मोटारी आल्या, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. मोसंबीच्या बागा वाढल्या. या फळाची जालन्याशी इतकी गाठ बसली की ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. एवढी वर्षे पोसलेली बाग एका उन्हाळ्यात वाळताना पाहणे कोणत्याही घराला सोपे नाही. मग पाणाड्या बोलावला जातो, नारळ फुटतो, आणि दोनशे फुटांवर न लागलेले पाणी चारशेवर शोधले जाते. विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारले जातात.

याच टप्प्यावर घरातला नाऱ्या बोलतो. तो कृषी पदविका घेतलेला मुलगा असतो, नोकरीवरून सुट्टीला आलेला भाऊ असतो, किंवा रोज हंडा घेऊन जाणारी आणि म्हणून पाणी उतरल्याचे सर्वांआधी कळलेली सून असते. ‘आबा, आणखी बोअर नको. आपल्याच विहिरीचं पाणी आपण खाली ओढतोय,’ असे काहीसे ते म्हणणे असते. त्याला मिळणारी उत्तरेही गावोगाव साधारण सारखीच. ‘तोंडातून वाईट काढू नकोस.’ ‘नशिबात असेल तर लागेल.’ ‘भावकीनं दोन घेतले, आपण काय बघत बसायचं?’ सुनेने म्हटले असेल तर उत्तरही मिळत नाही.

या उत्तरांना अडाणीपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. भावकीने बोअर घेतल्यावर आपण थांबलो तर पाणी वाचत नाही. ते बांधापलीकडे जाते. एकट्या घरापुरता हा हिशेब चुकीचा नाही. शिवाय पाणी ही घराची पत आहे. सोयरीक जुळवताना ‘जमीन किती’ या प्रश्नामागोमाग ‘पाणी आहे का’ हा प्रश्न येतो. ‘आमचे पाणी संपत आले’ असे घरातल्यानेच म्हणणे म्हणजे पाहुण्यांसमोर घराची किंमत कमी करणे. आणि वाटण्या झाल्या की विहीर एक राहते, भाऊ मात्र वेगळे होतात. मग प्रत्येकाला स्वतःचा बोअर हवा असतो. पाळी विचारायला भावाच्या दारात जाण्यापेक्षा कर्ज परवडले, असे वाटणारी घरे कमी नाहीत.

ऐकणाऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक इशाऱ्यानंतर काहीतरी नवी सोय आली, हा त्याचा अनुभव आहे. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले. बोअर आटले तेव्हा टँकर आले, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली, धरणावरून जलवाहिनी आली. अमेरिकेत भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये तिथले तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठून उतरू लागेल असे सांगितले. भाषणाला उभे राहण्याच्या काही मिनिटे आधी, जरा सौम्य बोला, अशी विनवणी त्यांच्याच शेल कंपनीच्या मुख्यालयातून फोनवर झाली होती. १९७० मध्ये शिखर आले आणि उतार सुरू झाला. पण काही दशकांनी खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र आले आणि उत्पादन जुन्या शिखराच्याही वर गेले. इशारा खरा ठरला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात राहिली ती सोय. तेलाला दुसरा खडक सापडू शकतो. जालन्यात खडक तोच आहे आणि त्यात साठणारे पाणी दरसालच्या पावसाचे आहे. खोल बोअरमुळे पाणी वाढत नाही. आधीच्या विहिरीचे, हातपंपाचे आणि पुढच्या सालाचे पाणी तेवढे आधी काढले जाते.

कायद्याने यात हात घालून पाहिला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घालणारा भूजल कायदा १९९३ मध्ये झाला. हातपंपाला वाचवणे हा त्याचा एक हेतू होता, कारण पाणी दीडशे फुटांखाली गेले की ‘इंडिया मार्क टू’ नुसता खळखळतो. पण पाचशे मीटरच्या आत बोअर घेणारा बहुधा भावकीतलाच. त्याच्याविरुद्ध तहसीलला अर्ज देणे म्हणजे पुढच्या लग्नकार्यात पाठ दाखवून घेणे. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालावा असे बजावले. चितळे यांना १९९३ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालेले होते. बाहेर मान मिळाला आणि घरात अहवाल कपाटात गेला. २००९ चा नवा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे. बोअरच्या गाड्या मात्र पाचशे आणि हजार फुटांची भाषा बोलत राहिल्या.

मग २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. जालना शहराला पाणी पुरवणारा, निजामकाळात कुंडलिकेवर बांधलेला घाणेवाडीचा तलाव आटला. शहर टँकरवर आले आणि जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा सरपणाच्या भावाने गेल्या. बहात्तरमध्ये धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते, या खेपेला धान्य आहे पण पाणी नाही, हे वाक्य तेव्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी सर्वत्र होते. चाळीस वर्षांत काय घडले, त्याचा याहून नेमका अहवाल कोणत्या आयोगाने लिहिला नाही. इशारा खरा ठरला तेव्हा नाऱ्याला कोणी शाबासकी दिली नाही. उलट ‘तू म्हणालास आणि तसंच झालं’ अशी बोलणी त्याला खावी लागली. भाकीत खरे ठरणे हा सांगणाऱ्याचा विजय नसतो, कारण वाळलेली बाग त्याच्याही घरची असते.

इशारा ऐकला गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्यात एक साम्य आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर न ठरता माणसी ठरले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही, आणि भूमिहीनालाही हिस्सा. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात आणि शेतीसाठी बोअर घेत नाहीत. जालना तालुक्यातल्याच कडवंचीत नव्वदच्या दशकात पाणलोटाची कामे झाली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची त्यांना साथ होती. २०१२-१३ च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा टिकल्या. कडवंचीचा आधार पुढे शेततळ्यांवर वाढत गेला. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर ती साठवण, बोअर उपसून भरले तर तो उपसाच, हे तिथेही विसरून चालणार नाही.

नायगाव आणि हिवरे बाजार, या दोन्ही ठिकाणी इशारा भाकिताच्या रूपात राहिला नाही. त्याची पाळी झाली, हिस्सा झाला, नियम झाला. ‘पाणी संपेल’ हे वाक्य घरात एकट्याने म्हटले की तो अपशकुन ठरतो. ‘यंदा एवढेच पाणी आहे, तर कोणाला किती’ हा प्रश्न सर्वांसमोर मांडला की तो हिशेब होतो, आणि हिशेबाची आपल्या माणसांना सवय आहे. भावकीने न थांबता आपण थांबायचे, हा जो एकट्या घराचा पेच, तो एकट्या घरात सुटतच नाही. सगळे एकदम थांबणार असतील तरच थांबण्यात शहाणपण असते, आणि मग मुलाला बापाशी वाद घालावा लागत नाही.

म्हणून ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरीची पातळी मोजली जाते, तो दिवस महत्त्वाचा. पावसाळा संपलेला असतो, रब्बीची पेरणी पूर्ण व्हायची असते, कोणत्या पिकाला किती पाणी हे ठरवायला अजून वेळ असतो. त्या आठवड्यात ग्रामसभा बसली, आकडा फळ्यावर फुटांत लिहिला गेला आणि त्याखाली मागच्या पाच वर्षांचे आकडे मांडले गेले, तर हरभरा की ऊस हा निर्णय गावाला डोळ्यांसमोर घेता येईल. मे महिन्यात तोच आकडा कळून उपयोग नाही. तोवर बोअरची गाडी शेतात आलेली असते.